आत्यांचं तिकांडं

आमच्या घरमालकीण आत्या उन्हाळ्यातली कामं कधी आवरायची, ते आकाशाकडे बघून ठरवत. मे संपता संपता, दिवेलागणीनंतर आग्नेयेला विंचवाचं डोकं वर आलं, की गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला लागत. "विंचू आला, बाई. त्याच्या मागं पाऊस हाय." आणि हिवाळ्यात संध्याकाळी तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीने असलेले तीन तारे, वर दिसू लागलं की वालाच्या शेंगा भरल्या असं समजायचं. शेतावर कधीच गोदाम उभं राहिलं होतं, शेंगा बाजारातून येत. आत्यांचं वेळापत्रक मात्र बदललं नव्हतं.

पूर्ण्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले. लग्नानंतर दोनच वर्षांत आत्यांचा नवरा गेला आणि त्या माहेरी परतल्या. भाच्यांचं ऐकून सगळं गाव त्यांना आत्या म्हणू लागलं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. तारे शिकल्या त्या वडिलांकडून, खळ्यावर भात राखताना.

पहिल्याच वर्षी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, मी उत्साहाने चौथीच्या मुलांना संध्याकाळी सात वाजता आमच्या गच्चीवर बोलावलं. पुस्तकात मृगाचं सुंदर चित्र होतं, तो मृगच दाखवायचा होता. आत्यांनी सकाळीच बजावलं, "तिकांडं आत्ता न्हाय दिसाचं. ते आता जेवणं झाल्यावर येतं. सांजेला बघाचं तं संक्रांतीला बघ."

मी हसून म्हटलं, "आत्या, पुस्तकात हिवाळ्याचे तारे म्हणून दिलंय."

"मंग पुस्तकालाच सांग उगवाला."

सात वाजता तीसेक मुलं आणि त्यांच्या आया गच्चीवर जमल्या. मी पूर्वेला बोट दाखवलं. तिथे गोदामाचे दिवे होते, मृग नव्हता. मुलं माना उंचावून वाट बघत होती. तेव्हा आत्या जिना चढून आल्या. "बाईंचा पाहुणा संक्रांतीला येणार हाय. आज कोण कोण आलंय ते बघा," म्हणत त्यांनी डोक्यावरचा चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दाखवला, मग गोदामाच्या छपरावर नुकता चढलेला कृत्तिकांचा झुबका. मुलं पाच तारे की सहा, यावर भांडत घरी गेली. त्या रात्री मी आत्यांची माफी मागितली. त्यांनी माझ्यापुढे भाकरी सरकवली, एवढंच.

संक्रांतीला मुलं पुन्हा आली आणि तिकांडं खरंच पूर्वेला चांगलं वर आलेलं होतं. सगळे गेल्यावर आत्यांनी हळूच विचारलं, "बाई, हे जातात कुठं गं बाकीच्या दिवसांत?"

मी त्यांना अंगणातल्या तुळशीपाशी नेलं. तुळस म्हणजे सूर्य, भोवतीची झाडं-घरं म्हणजे तारे, तुळशीकडे पाठ केली की रात्र. आत्या तुळशीकडे पाठ ठेवून फेरी घालू लागल्या. एका बाजूला समोर कडुनिंब आला, पलीकडे गेल्यावर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. कडुनिंब आता तुळशीच्या मागे, पाठीकडे राहिला होता. त्या थांबल्या. "म्हंजे ते न्हाय जात. आपणच पुढं जातो?"

"हो."

"आणि मी आपली येवढी वर्सं त्यांची वाट बघतेय!" म्हणून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग आणखी दोन फेऱ्या घातल्या, खात्री करायला.

सहा वर्षांनी माझी बदली झाली. निघताना आत्यांनी सुक्या बोंबलांचं पुडकं हातात ठेवलं आणि एकच बजावलं, "शिकवाच्या आधी वर बघत जा." नव्या शाळेत मी तेच करते. तारे दाखवायची तारीख ठरवण्याआधी संध्याकाळी स्वतः गच्चीवर जाऊन येते.

परवा फोन केला, तर त्यांना बोलायला फुरसत नव्हती. मागून मुलांचा गलका ऐकू येत होता. "नवीन बाई आल्यात," आत्या म्हणाल्या, "त्यांना तुळशीभवती फिरवतेय. समजतंय हळूहळू." आणि फोन ठेवून दिला.

खोटं कशाला सांगू, मला त्या नव्या बाईंचा थोडा हेवा वाटला.