भरलेली वाटी

वहिनी पिंजऱ्याकडे पाठ करून जेवायची. कपडे वाळत घालताना दिराचा शर्ट दोरीच्या त्या टोकाला टाकायची जिथे ऊन येत नाही. चहा दोघांचा करायची, पण त्याला हाक मारायची नाही. त्याचा कप ओट्यावर ठेवून वर बशी आपटायची. ती बशी म्हणजेच हाक. राग आला की हाताला लागेल त्या फडक्याची चौपदरी घडी घालायची. आणि बोलताना उजव्या तर्जनीवरच्या व्रणावर अंगठा फिरवायची. व्रण जुना होता. अंगठ्याला मात्र तो रोज नवा लागायचा.

व्रण पोपटाच्या चोचीचा होता.

पोपट राखी रंगाचा, शेपूट लालभडक. वय बावीस. वहिनीच्या नवऱ्यानं, म्हणजे थोरल्यानं, तो पिल्लू असताना आणला होता. धाकटा, म्हणजे दीर, त्याला 'साहेब' म्हणायचा. वहिनी 'मेला' म्हणायची. साहेब दोन्हींना उत्तर देत नसे. बावीस वर्षांत तो माणसाचा एक शब्द बोलला नव्हता. धाकट्याचं किल्ल्यांचं दुकान खाली जिन्याशेजारी होतं. किल्ली कापायचं यंत्र पितळेवर किंचाळतं, तसा साहेब हुबेहूब किंचाळायचा. रोज संध्याकाळी, दिवे लागले की. शेजारी विचारायचे, दुकान अजून उघडं आहे का.

थोरला होता तेव्हा कामं वाटलेली होती. दाणापाणी, अंघोळ आणि लाड त्याच्याकडे. पिंजऱ्याच्या तळाचा ट्रे वहिनीकडे. एकोणीस वर्षं तिनं रोज सकाळी ट्रेमधला कागद बदलला. विष्ठा, दाण्यांची फोलपटं, कुरतडलेल्या लाकडाचा भुसा, आणि पांढरी भुकटी. राखी पोपटाच्या पिसांतून ही भुकटी सतत झडते. आरशावर बसते, काळ्या कपड्यांवर बसते, दुधाच्या झाकणावरही बसते. "नाचायचं एकानं आणि घाम पुसायचा दुसऱ्यानं," असं ती तेव्हाही म्हणायची. पण तेव्हा हसून.

मूलबाळ नव्हतं. थोरला गेला. साहेबानं स्वतःच्या छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. महिन्याभरात छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी पडली. वहिनीनं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात आत घातला. तिला वाटलं, दुःख एकच आहे, तर हा ओळखेल. त्यानं बोट हाडापर्यंत फोडलं.

पुढच्याच आठवड्यात तो धाकट्याच्या खांद्यावर जाऊन बसला. पिसं उपटणं थांबलं. छाती भरली.

वहिनीनं हे माफ केलं नाही. पोपटाला नाही, दिराला तर नाहीच. नवऱ्याचं म्हणून घरात एकच जिवंत काही उरलं होतं, आणि त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली होती. एकदा, फक्त एकदा, त्यानं आपण होऊन माझ्याजवळ यावं, एवढंच तिला हवं होतं. हे तिनं धाकट्याला कधी कळू दिलं नाही. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती घड्या घालायची. तिथल्या एका मैत्रिणीला तेवढं ठाऊक होतं.

दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचे ते पोपटाशी.

धाकटा म्हणायचा, "साहेब, सांगा तुमच्या वहिनींना, ती काळी नॉनस्टिक कढई रिकामी तापवू नका. त्या धुरानं पाखरं मरतात."

वहिनी भाजी चिरता चिरता म्हणायची, "मेल्या, सांग त्यांना, आधी स्वतःला अंघोळ घाला म्हणावं, मग पोपटाला."

तिनं केसांना वासाचं तेल लावलं की तो खिडक्या उघडायचा. त्यानं खिडक्या उघडल्या की ती आतल्या खोलीचं दार आपटायची. त्यानं पिंजऱ्याला छोटं कुलूप लावलं. राखी पोपट चोचीनं कडी उघडतात, कुलपाचं कारण एवढंच होतं. वहिनीला वाटलं, हे आपल्यासाठी. लाँड्रीत तिनं सांगितलं, घरात चोर धरला जायच्या आधीच कुलूप आलंय.

तीन वर्षं असं चाललं. मग धाकट्याला हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं. दोन रात्रींचं काम होतं. निघायच्या सकाळी त्यानं दाण्यांची वाटी काठोकाठ भरली आणि पिंजऱ्याची किल्ली ओट्यावर, तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. मग पिंजऱ्यासमोर उभं राहून साहेबाला सूचना दिल्या. अंधार पडला की वरून कापड. बारा तासांची झोप. पाणी दोन वेळा. वाटी रिकामी दिसली तर डबा वरच्या फळीवर आहे. फळ द्यायचं नाही, कारण सफरचंदाची बी पोटात गेली तर विष, आणि काही लोकांना बिया काढायचा धीर नसतो. मिठाचं काही नाही. चहा तर नाहीच.

"काही लोक" ओट्याशी उभे होते. त्यांनी फडक्याची घडी घातली.

दोन रात्रींच्या चार झाल्या. टाक्यांच्या जागी पू धरला, ताप चढला, डॉक्टरांनी सोडलं नाही.

पहिले दोन दिवस साहेबानं वहिनीला जुमानलं नाही. पाणी बदलायला हात गेला की दांडीवरून पुढे झुकून फिस्कारायचा. संध्याकाळी यंत्र लावायचा. ती कानांवर हात ठेवून म्हणायची, मालक नाही तर दुकान तरी बंद ठेव. वाटी मात्र ती रोज बघायची. सकाळी जाताना आणि संध्याकाळी आल्यावर. वाटी भरलेली होती. काळ्यापांढऱ्या बिया काठापर्यंत. खाली फोलपटं पडलेली दिसायची, म्हणजे खातोय. तिला वाटलं, धाकट्यानं महिन्याचं भरून ठेवलंय. माझ्या हातचा एक दाणा याच्या पोटात जायला नको.

तिसऱ्या संध्याकाळी यंत्र लागलं नाही.

चौथ्या सकाळी साहेब खालच्या दांडीवर बसलेला दिसला. पिसं फुलवून, गोल होऊन. डोळे अर्धे मिटलेले. वहिनीनं वाटीवर नजर टाकली. भरलेली. मग तिनं जाळीतून बोट आत घातलं. का घातलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानं चोच उघडली नाही. मान खाली घातली, आणि डोकं तिच्या बोटाला टेकवलं.

ती बराच वेळ हलली नाही. मग दार उघडून तिनं हात आत घातला. त्याची पिसं झडून नवी यायचे दिवस होते. नवं पीस पांढऱ्या वेष्टनात गुंडाळून येतं, काट्यासारखं. अंगावरचे काटे पोपट स्वतः चोचीनं सोलतो. डोक्यावर त्याची चोच पोचत नाही. तिथे दुसरं कुणीतरी लागतं. थोरला रेडिओ ऐकत हे करायचा. तिनं ते वर्षानुवर्षं लांबून पाहिलं होतं. काटा दोन बोटांत धरायचा, हलकेच चोळायचा, वेष्टन भुसभुशीत होऊन गळतं आणि आतून पीस उमलतं. कच्चा काटा दाबला तर रक्त येतं. चादरींच्या कडा चाचपून चाचपून तिची बोटं तयार होती. तिनं एकही काटा चुकीचा दाबला नाही. कामाला जायची वेळ टळून गेली. डाव्या डोळ्यापासून मानेपर्यंत सगळी बाजू मऊ झाली, तेव्हा ती उठली. उरलेलं उद्या.

लाँड्रीत उशिरा पोचली आणि बोलणी खाल्ली. तिला काही वाटलं नाही. मैत्रिणीला म्हणाली, "आला. तीन वर्षांनी का होईना, आला."

रात्री धाकट्याचा फोन आला. मधे पोपट नव्हता, तेव्हा थेट बोलावं लागलं. त्यानं विचारलं, वाटीत दाणे आहेत ना. ती म्हणाली, काठोकाठ. तिनं भरली असं त्याला वाटलं. तिनं तसं वाटू दिलं.

"आवाज येत नाही त्याचा."

"माझ्याजवळ गप्प बसतो," वहिनी म्हणाली. "डोकं खाजवून घेतो. बोट लावलं तरी काही करत नाही. काय समजलात?"

पलीकडून फोन बंद झाला. वहिनीनं मनाशी म्हटलं, जळला. त्या रात्री तिला छान झोप लागली.

सकाळी सातला दार वाजलं. धाकटा भिंत धरून उभा होता. दवाखान्यातून सही करून, भांडून आला होता. एका हातानं पोट दाबलेलं. बूट न काढता तो पिंजऱ्यापाशी गेला. साहेब तळाशी, कागदावर बसला होता. धाकट्यानं वाटी बाहेर काढली, तोंडाजवळ नेली आणि फुंकर मारली.

फोलपटं उडाली. भिंतीवर, त्याच्या शर्टावर, वहिनीच्या केसांत. पोपट बी उचलतो, चोचीत फोडतो, गर खातो आणि टरफल बऱ्याचदा वाटीतच टाकतो. वरून बघणाऱ्याला वाटी भरलेली दिसते. धाकट्यानं वाटी तिच्यासमोर धरली. तळाला सात-आठ बिया होत्या.

"उपाशी आहे तो," धाकटा म्हणाला. "तुमच्याजवळ आला नाही. खायला मागत होता."

वहिनीनं ओट्यावरचं फडकं उचललं, आणि घडी न घालता तसंच हातात धरून उभी राहिली.

पाखरांचा डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यानं साहेबाला तराजूवर ठेवलं. साडेचारशे ग्रॅमचा पक्षी तीनशे साठवर आला होता. नळीनं थेट गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीत पेज सोडावी लागेल, दिवसातून चार वेळा, इथेच ठेवा. आजारी पाखरू आजार लपवतं, डॉक्टरांनी सांगितलं. लपवायचं त्राण संपलं की मगच शांत होतं. आणि ती शांतता माणसांना माया वाटते. त्यांनी हे कुणाकडेही न बघता सांगितलं. वहिनीला वाटलं, माझ्याकडेच बघून सांगितलं.

पुढचे सहा दिवस पिंजरा रिकामा होता. ज्याच्याआडून बोलायचं तोच नव्हता. पहिले दोन दिवस घरात फक्त बशी वाजली. तिसऱ्या दिवशी वहिनीनं चहा ओट्यावर ठेवला नाही. त्याच्या खाटेपाशी आणला, आणि हातात धरून ठेवला.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"फुंकर मारायची. कापड सांगितलंत, बी सांगितलीत, मीठ सांगितलंत. मी बिया काढू शकत नाही, तेही सांगितलंत. हे तेवढं राहिलं."

धाकटा छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "आठवलंच नाही. रोज सकाळी वाटी उचलली की आपोआप फुंकतो. श्वास घ्या असं सांगतो का कुणी?"

"मग मी मारलं म्हणू नका."

"मारलं असं नाही म्हणालो, उपाशी ठेवलं म्हणालो. एकोणीस वर्षं त्याच्या पायाखालची फोलपटं उचललीत. कुठून येतात, हे एकदाही बघितलं नाहीत?"

"वर बघायला मला दिलं कुणी?" वहिनी म्हणाली. "तुमच्या भावानं नाही, आणि तुम्ही तर कुलूपच लावलंत."

धाकट्यानं हार मानली नाही. चहा गार झाला असं म्हणाला. ती म्हणाली, मग गारच प्या.

सातव्या दिवशी साहेब घरी आला. वजन चढलं होतं. पिंजऱ्यात शिरता शिरता त्यानं डॉक्टरांनी पायाला बांधलेली नावाची पट्टी तोडून फेकली. संध्याकाळी दिवे लागले आणि यंत्र किंचाळलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. धाकट्यानं पहिल्यांदाच कुलूप लावलं नाही. कडीला नुसती तार गुंडाळली. वहिनीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

पण डोकं विचित्र दिसत होतं. डावी बाजू मऊ, राखी, जशी असावी तशी. उजवी बाजू पांढऱ्या काट्यांची. अर्धं म्हातारं, अर्धं पिल्लू. साहेब उजवा गाल सारखा दांडीवर घासत होता.

वहिनी पिंजऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "मेल्या, सांग त्यांना, उरलेलं सोला म्हणावं. खाज सुटलीय त्याला."

धाकटा साहेबाला म्हणाला, "साहेब, सांगा वहिनींना, डावी बाजू ज्यानं केली त्यानं नीट केली आहे. एक थेंब रक्त नाही. दुसऱ्यानं अर्धी कापलेली किल्ली मी हातात घेत नाही. दात जुळत नाहीत."

हे कौतुक होतं की शिक्षा, ते वहिनीला कळलं नाही. लाँड्रीतल्या मैत्रिणीलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी लवकर उठली. हात साबणानं धुतले, वासाचं तेल लावलं नाही. बोटं एकमेकांवर चोळून गरम केली. वाटी बाहेर काढून फुंकली, पुन्हा भरली. मग स्टूल ओढून पिंजऱ्यासमोर बसली आणि बोट जाळीला लावलं.

साहेब पोटभर खाल्लेला होता. तो दांडीच्या पलीकडच्या टोकाला सरकला आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

कामाची वेळ होईपर्यंत ती बसून राहिली. रविवारीही बसली. पुढच्या आठवड्यातही बसली. उजव्या बाजूचे काटे तसेच राहिले.