डेपोवाल्यांचा गेमिंग कॉम्प्युटर

एसटीच्या डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाकडे किश्श्यांना तोटा नसतो. पण गंमत बघा, सबंध नोकरीत जमले नाहीत एवढे किस्से आम्ही रिटायर झाल्यावर एक कॉम्प्युटर घेताना जमले. चौघे चहाला बसलो की कोणीतरी सुरू करतोच, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. मी डेपोत क्लार्क होतो, त्यामुळे भर न घालता सांगतो.

चौघे म्हणजे मी कुलकर्णी, नेवाशाचा म्हस्के कंडक्टर, वर्कशॉपातले शिंदे मिस्त्री आणि मिरजगावचे भानुभाऊ ड्रायव्हर. भानुभाऊंची बायपास झाली, लांबची नजरही अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. स्कूटरसुद्धा. माणूस गप्पच झाला.

त्यांच्या पत्नी शालनवहिनी मला म्हणाल्या, "दिवसभर खिडकीत बसत्यात अन् रोडवरच्या ड्रायव्हरांच्या चुका काढत्यात. माझ्याशी नुसतं व्हय अन् न्हाई. तुमी कायतरी करा, भावजी."

म्हस्केने जावयाकडे बस चालवायचा गेम पाहिला होता. स्टिअरिंग, ब्रेक, गिअर, सगळं असलेला. भानुभाऊंना परत गाडीवर बसवायचं असं आम्ही तिघांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. कॉम्प्युटरमधलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यावाचून कधी काही अडलं नव्हतं.

*

सावेडीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात प्रज्ञा नावाची मालकीण होती. हसतमुख आणि देवाच्या कृपेने सहनशील. तिने विचारलं, "काका, गेम कोणकोणते खेळणार?"

"गेम न्हाई ओ ताई," म्हस्के म्हणाला. "डूटी करायचीय."

"बरं. बजेट किती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मी आमच्या पेन्शनी सांगितल्या. ते ऐकून तिने आधी आम्हालाच चहा मागवला.

*

बजेट बसवायला तिने ग्राफिक्स कार्ड जुनं घ्या म्हणून सांगितलं. पडद्यावरची चित्रं हे कार्ड काढतं, म्हणजे गेमचा सगळा भार त्याच्यावर. 'जुनं' हा शब्द ऐकल्याबरोबर मिस्त्री पुढे आले. "आधी चालू करा. ऐकल्याबिगर घ्यायचं न्हाई."

प्रज्ञाने कार्ड लावून मशीन सुरू केलं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्डाच्या कडेला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डेपोत इंजिन असंच तपासायचे.

"बंद हाय. पंखाच फिरत न्हाई."

"काका, तो तापल्यावरच फिरतो. काम पडलं नाही तर नाही फिरत."

मिस्त्रींनी डोळे उघडून सरळ माझ्याकडे पाहिलं. "मग घ्या. आपलं आफिसबी असंच हुतं."

*

भानुभाऊंना हे कळलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. "या वयात खेळणी घेऊन बसू का?" एवढंच बोलले आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

मग आम्ही त्यांना चहाला म्हणून बाहेर काढलं आणि चहाची टपरी दुकानासमोरचीच निवडली. प्रज्ञाने स्टिअरिंग आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं.

"लई हलकं हाय. पावर स्टेरिंग दिसतंय. आमाला हे असतं तर खांदं तरी वाचलं असतं."

कित्येक महिन्यांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते. मला फार बरं वाटलं. म्हस्केने भाव न करता स्टिअरिंग घेतलं, आणि म्हस्के भाव करत नाही हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

*

स्टिअरिंगला स्टँड हवा होता. तयार मिळत होता, पण मिस्त्रींना तो कमकुवत वाटला. त्यांनी नागापूरला ओळखीच्या शेडमध्ये लोखंडी अँगल कापून स्वतः वेल्डिंग केलं. स्टँड इतका दणकट झाला की टेम्पोतून आणावा लागला. भानुभाऊंच्या दाराशी आल्यावर कळलं, मिस्त्रींनी सगळी मापं घेतली होती, फक्त दाराचं घेतलं नव्हतं.

शेवटी खिडकीचे गज काढून तो आत घेतला आणि तिथेच ठेवला, कारण तिथून पुढे तो कोणाला उचलेना. त्यामुळे भानुभाऊंची बसायची जागाच गेली.

"लई बेस झालं," शालनवहिनी म्हणाल्या.

*

प्रज्ञा घरी येऊन सगळं जोडून गेली. गाडी नवी म्हटल्यावर पूजा आलीच. वहिनींनी कॉम्प्युटरच्या डब्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला. मिस्त्रींनी लिंबू-मिरची बांधली ती नेमकी पंख्याच्या जाळीवर! सुरू केल्याबरोबर आतून असा खडखडाट झाला की आम्ही सगळे मागे सरलो.

प्रज्ञाला परत बोलावलं. तिने चिमट्याने आतून मिरचीचा तुकडा काढला. "काका, वॉरंटीत मिरची बसत नाही."

*

आणि हा शेवटचा. मिरची निघाल्यावर प्रज्ञाने गेम लावून दिला. पडद्यावर बसस्टँड, त्यात उभी बस, माणसं चढून बसलेली. भानुभाऊ नको नको म्हणत खुर्चीत टेकले. आरसा पाहिला, इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला आणि तसेच बसून राहिले.

"काका, आता ॲक्सिलरेटर दाबा," प्रज्ञा म्हणाली.

भानुभाऊ हलेनात. तिला वाटलं कॉम्प्युटर हँग झाला. तिने पाहिलं, सगळं ठीक होतं. हौसेहौसेने आपण या माणसाच्या जखमेवरची खपली काढली की काय? वहिनी तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या.

"भाऊ, न्हाई वाटत तर ऱ्हाऊ द्या," मिस्त्री हळूच म्हणाले.

भानुभाऊ समोरची नजर न हटवता म्हणाले, "वाटतंय की. पन बेल कुठं दिलीय अजून?"

मग म्हस्के उठला, भानुभाऊंच्या मागे जाऊन उभा राहिला आणि खिशातली किल्ली काढून लोखंडी कपाटावर ठोकली. टण टण.

गाडी हलली.

"चला मिरजगाव, मिरजगाव," म्हस्केचा आवाज चढला. "दारात थांबू नका, पुढं सरका, पुढं जागा हाय."

शालनवहिनींनी डोळे पुसले, स्टूल उचललं आणि पुढे सरकल्या.