शेवंता कोण?

मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. "पोरीचं नाव शेवंता ठिवा," म्हणाल्या आणि चूल फुंकायला वळल्या.

शेवंता! सत्तरीचं दशक उजाडलेलं आणि नाव पणजीच्या जमान्यातलं. आमचं घर पिंपळे गुरवात, शेताच्या कडेला. नवरा आकुर्डीला स्कूटरच्या कंपनीत. त्याच्या शिफ्टमधले म्हणाले, "काय राव, एखाद्या नटीचं नाव ठेवायचं सोडून हारवाल्याच्या टोपलीतलं काय उचलता?" शेजारीण म्हणाली, "तमाशातली वाटेल हो." नणंद तर फुरंगटूनच बसली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिचा. "असलं खेडवळ नाव मी न्हाई सांगणार," म्हणाली.

मला नावाचं वावडं नव्हतं. मला खटकत होती ती बाई. कोण ही शेवंता? ज्यांनी कधी लुगड्याचा रंगसुद्धा स्वतः सांगितला नाही, त्या एका नावासाठी अडून बसतात, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. नवऱ्याला विचारलं, तर "मला काय ठाऊक!" सासूबाईंना विचारलं, तर "आसंच. ग्वाड हाय," म्हणून सूप उचलून चालत्या झाल्या.

दापोडीहून माझी आई आली, तिनं तर माझी पाचावर धारण बसवली. "तुझ्या सासूची एखादी मुलगी लहानपणी गेली असणार बघ. गेलेलीचं नाव तुझ्या पोरीच्या गळ्यात घालतेय. हो म्हणू नकोस."

माझं आधीचं मूल पोटातच गेलं होतं. आईचं ते ऐकल्यापासून जिवाला घोर लागला. सासूबाई पोरीला तेल लावायला बसल्या की मी दारातून बघत राही. त्या तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायच्या आणि मी जवळ गेले की गप्प. एकदा तर पोर मी त्यांच्या हातातून ओढूनच घेतली. त्यांनी तेलाचे हात लुगड्याला पुसले फक्त.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. त्या ओसरीवर घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या, पाठ माझ्याकडे. नाव ऐकून दचकतात की रडतात, बघू तरी. मी दाराआडून हाक मारली, "शेवंते!"

"ओ! आले, आले!"

सूप बाजूला टाकून, पदर खोचत बाई अर्ध्या उठल्यासुद्धा. आवाज त्यांचा नव्हताच, शेंबड्या पोरीचा होता. मग मागं वळून मला पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

"आत्याबाई! तुम्हीच?"

"व्हय." त्या हरभऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "लगीन लागलं आन् नाव बदाललं. चाकनकडं म्हायेर, तितलं बी आता कुनी ऱ्हायलं न्हाई. लई वर्सं झाली, कुनी हाकच मारली न्हाई. म्हनलं, पोरीला मारतील तर कानावर तरी पडंल."

"आणि तेल लावताना ते पुटपुटणं?"

"तिला म्हनून बघत व्हते. कसं वाटतंय ते."

मला राग आला आणि भडभडूनही आलं. "अहो, मग सांगायचं नाही का? मी काय काय संशय घेतला तुमच्यावर! विचारलं तर होतं!"

"शेवंता कोन, ते इचारलंस. माजं नाव काय व्हतं, ते कुनी इचारलं?"

मी खाली बसून सांडलेले हरभरे वेचू लागले. वेचता वेचता म्हटलं, "उद्या हेच नाव ठेवायचं. वन्सं नाही म्हणाल्या तर मी सांगेन पोरीच्या कानात."

सासूबाईंनी मान डोलावली. मग हात थांबवून त्यांनी मला निरखून पाहिलं.

"आन् तुजं गं? म्हायेरचं काय व्हतं?"

माझंही नाव लग्नात बदललेलं. या घरात आली की माझी आईसुद्धा मला नव्याच नावानं हाक मारी. मी सांगितलं, पण इतकं हळू, की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.