आत्याचा आवाज उजवीकडे

आमच्या शांताआत्याचं गाणं मी भर कार्यक्रमात मधोमध फाडलं. हेतू मात्र अत्यंत चांगला होता.

आत्या वडिवळे गावची. वय सत्तरच्या पुढे, पुढचे दोन दात गायब, पण आवाज असा की खाचराच्या या टोकाला तिनं हाक मारली तर त्या टोकाचा माणूस हातातलं काम टाकून 'ओ' देतो! गाणी ती स्वतःच रचते. पण उभा जन्म तिनं गायनपार्टीच्या मागच्या रांगेत बसून कोरस दिला. तिचा एकटीचा आवाज कुणी कधी रेकॉर्डच केला नव्हता. यंदा गावातल्या विहाराच्या वर्धापनदिनाला सकाळी तिचं गाणं लावायचं ठरलं. 'लेकींना शाळेत धाडा' असं सांगणारं, तिनंच रचलेलं.

रेकॉर्डिंग कोण करणार? अर्थातच मी! खंडाळ्याच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनवर असतो, पण लोणावळ्याला घरी माझा स्टुडिओ आहे. (म्हणजे एक लॅपटॉप, एक माइक आणि एक हेडफोन. बायको त्याला 'पसारा' म्हणते.)

ढोलकी आणि पेटी मी आधीच गावात जाऊन रेकॉर्ड करून आणली होती. मग आत्याला घरी बोलावलं. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद, फ्रिज बंद. दिवस उन्हाळ्याचे.

"आरं, मला गायाला बोलावलंस का उकडाया?"

"आवाज स्वच्छ यायला पाहिजे, आत्या!"

पहिल्या वेळी शेजारच्या कुकरनं शिट्टी दिली. दुसऱ्या वेळी घाटाला निघालेल्या इंजिनानं भोंगा दिला. तिसऱ्या वेळी आत्याच कडव्यात थांबली आणि माइकमध्ये म्हणाली, "चा कवा हाय?" सातव्या वेळी गाणं पूर्ण झालं. आत्या घामानं निथळली होती, पण हसत होती.

त्याच संध्याकाळी मी आनंदाच्या भरात हेडफोनवर बसलो. उचलून पाहिला. दिसायला धड होता, आवाजही येत होता. विषय संपला.

मग मिक्सिंग सुरू केलं. म्हणजे कुठला आवाज किती मोठा आणि कुठल्या बाजूला, हे ठरवायचं. ढोलकी आत्यावर कुरघोडी करत होती. मी ढोलकी जरा डावीकडे सरकवली. काय आश्चर्य, ती मऊ झाली! आणखी डावीकडे नेली, आणखी मऊ झाली! आत्याचा आवाज उजवीकडे नेला, तर तो लख्ख ऐकू यायला लागला. मला माझाच अभिमान वाटला. पेटीलाही मी डावीकडे धाडलं. शेवटी ढोलकी फारच लांबून ऐकू यायला लागली, म्हणून तिचा आवाज दणकून वाढवला, तेव्हा कुठे ती पुसटशी ऐकू आली. या कामात तीन आठवडे गेले.

"अहो, एकदा साध्या स्पीकरवर ऐकून बघा ना," सुजाता, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"मिक्सिंग हेडफोनवरच करतात!" (हे मी कुठे वाचलं, ते कृपया विचारू नका.)

वर्धापनदिनी विहारासमोर मांडव पडला. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. आत्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मी गळ्यात हेडफोन अडकवून ऐटीत बटण दाबलं.

डावीकडे वीज पडली! नुसती ढोलकी! खुर्चीवरचे एक आबा छाती धरून ओरडले, "आरं, शांताबाई कवा गाणार?"

"गाती हाय की!" उजवीकडून एक मावशी म्हणाल्या. "ढोलकी कुटं हाय?"

"समदी हितं हाय! तुमी घेऊन जावा!"

गाणं ऐकायला पुरुष उठून बायकांकडे निघाले. नाचायला पोरंटोरं पुरुषांकडे धावली. मांडवाच्या मधोमध दोन्ही फौजा भिडल्या, खुर्च्या आडव्या झाल्या आणि आबा एका मावशींच्या पिशवीवर बसले!

मी गाणं बंद केलं. आत्याकडे बघायची हिंमत होईना. सत्तर वर्षांत एकदा आलेली तिची सकाळ मी मातीत घातली होती.

आत्या उठली. सावकाश स्टेजवर गेली. माइक हातात घेतला. "ढोलकी ऱ्हाऊ द्या रं," म्हणाली आणि गायला लागली. आबा पिशवीवरच स्तब्ध झाले. दुसऱ्या कडव्याला बायका टाळ्यांवर ठेका द्यायला लागल्या, शेवटच्याला सगळा मांडव तिच्या मागून गात होता. या वेळी कोरसमध्ये गाव होतं आणि पुढे आत्या.

तेवढ्यात साउंडवाल्यानं माझा हेडफोन कानाला लावून बघितला. "दादा, ह्याची डावी बाजू मेलीय की!"

कार्यक्रम संपल्यावर मी आत्यापुढे उभा राहिलो. "आत्या, वाट लावली मी तुझ्या गाण्याची."

"गप! आमच्या बाजूला निस्ता माझा आवाज हुता. त्या ढोलकीखाली दबून लय वर्सं गायले मी. आज पयल्यांदा बायांला माझा सबूद न सबूद कळला. ते गाणं माझ्या फोनात टाकून दे. ढोलकी नगं!"

डोळे पुसून वळलो तर मागे सुजाता.

"तीन आठवडे एक बाजू बंद होती आणि तुम्हाला कळलंच नाही?"

मी हेडफोन पाठीमागे लपवला.

"जाऊ द्या," ती समजुतीनं म्हणाली. "चौदा वर्षं माझं बोलणं त्याच बाजूनं ऐकताय. सवय झाली असेल."