निंभोरखेड दवाखाना, शेवटचा थांबा

पुण्याहून निघालेली गाडी अकोल्याला पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. वऱ्हाड म्हणजे ऊन अशी माझी पक्की समजूत, त्यामुळे शाल घरीच ठेवून आले होते. फलाटावर उतरताच दात वाजायला लागले. जठारपेठेत माझी मावसबहीण सुलभा राहते. तिनं दार उघडलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या यजमानांचा तपकिरी स्वेटर आणून दिला. पुढचे सगळे दिवस मी त्या स्वेटरातच वावरले.

चहा झाल्यावर सुलभा म्हणाली, "कोपऱ्यावरून थोडा सांबार घेऊन ये." मी झाकणाचा डबा घेऊन गेले. भाजीवालीनं डबा पाहिला, मग मला पाहिलं आणि कोथिंबिरीची जुडी त्या डब्यात कोंबली. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, हे मला तिथं कळलं. "पुन्याच्या काय तुमी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "म्हनूनच," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरच्या पत्रकारांची सतत ये-जा असे. मुंबईचे येत, दिल्लीचे येत, आणि सगळे शेतांकडे जात. मी पुण्यात आरोग्यावरच्या एका लहानशा मासिकात काम करत होते. आमच्या संपादकांनी मला वेगळं काम दिलं होतं. खेड्यांतले सरकारी दवाखाने खासगी संस्थांना चालवायला द्यायचे, असं तेव्हा घाटत होतं. रुग्ण फिरकत नाहीत, मग सरकारनं खर्च कशाला करायचा, असं त्यामागचं कारण सांगितलं जाई. ते काय आहे, बघून ये, एवढंच त्यांचं सांगणं. अंजनगाव सुर्जीला फरहत नावाच्या एक वार्ताहर आहेत, त्या सगळं दाखवतील, असंही त्यांनी सांगितलं होतं.

मी अकोला स्टँडवरून फरहतला फोन केला. पलीकडून आवाज आला, "या तुमी. मी येतो घ्याले." बाईचा आवाज आणि 'येतो' ऐकून मी चमकले आणि फोन ठेवताना 'येतो?' असं मोठ्यानंच म्हटलं. वऱ्हाडात बायकाही सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात, ही माहिती मला शेजारच्या बाकावरच्या प्रवाशानं न विचारता पुरवली.

अकोल्याहून अकोटमार्गे अंजनगावचा रस्ता सपाट आणि सरळ आहे. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यात फुटलेला पांढरा कापूस, वेचणाऱ्या बायकांच्या रंगीत ओळी. मध्ये पूर्णा नदी लागते. तिच्या अलीकडे-पलीकडे खारपाणपट्टा आहे, म्हणजे विहिरींना खारं पाणी. गाडी थांबली तिथं मी चहा घेतला आणि पहिल्याच घोटाला थबकले. "साखरेऐवजी मीठ पडलं का हो?" असं विचारलं तर चहावाले शांतपणे म्हणाले, "दोन्ही हाये त्यात. साखर माही, मीठ जमिनीचं." अकोट सोडलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते आणि अंजनगाव जवळ आलं की केळीच्या बागा आणि पानमळे सुरू होतात. डोळे निवतात.

फरहत स्टँडवर उभी होती. पस्तिशीची, उंच, खांद्याला कापडी पिशवी, डोक्यावर ओढणी. तिच्या नवऱ्याचं, सलीमभाईंचं गाद्या भरायचं दुकान आहे आणि घर त्याच्या मागेच. फरहत घरी उर्दू बोलते, बाजारात वऱ्हाडी, आणि अमरावतीच्या एका दैनिकासाठी स्वच्छ पुस्तकी मराठीत बातम्या लिहिते. तिन्ही भाषांत ती सारख्याच वेगानं बोलते.

संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि वांग्याचं सालन (रस्सा) खाताना तिनं मला विषय समजावला. निंभोरखेड नावाच्या गावी सरकारचा मोठा दवाखाना आहे. आसपासच्या खेड्यांना तो एकच. तो आता अमरावतीच्या एका श्रीमंत संस्थेकडे जायचा होता. शुक्रवारी गावात ग्रामसभा होती आणि तिथं गावाची संमती घ्यायची होती.

"रुग्ण खरंच येत नाहीत का?" मी विचारलं.

"नाई येत. खरं हाये ते," फरहत म्हणाली. "पन काहून नाई येत, हे कोनी विचारत नाई. उद्या आपन जाऊन पाहू. रुग्न जातात तसंच जाऊ. सलीमची मोटरसायकल नाई घेत."

सलीमभाई ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मोटरसायकल तशीबी बंद हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो. निंभोरखेडला रोज सकाळी एसटीची एक लाल गाडी जायची आणि दुपारी तीच परत यायची. पावसाळ्यात वाटेतला लहान पूल खचला म्हणून ती बंद केली होती. पूल कधीच दुरुस्त झाला. गाडी सुरू झाली नाही. चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांना विचारलं तर ते म्हणाले, "उत्पन्न नाही त्या मार्गाला," आणि चष्मा पुसू लागले.

मग काळीपिवळी, म्हणजे वडापची जीप. तिच्यात माणसं कशी बसतात ते मी बरेच दिवस नुसतं ऐकून होते. आता स्वतः बसले, म्हणजे अर्धी बसले. माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी होती आणि पाठीला डब्याचं कडं टोचत होतं. वाटेतल्या एका गावाला कौसल्याबाई चढल्या. सत्तरीच्या, ताठ, नऊवारीतल्या. घरी काळीभोर शेती, बोलण्यात त्याचा डौल. सोबत सून मंदा, पोटुशी. सातवा महिना असावा. माणसांनी सरकून मंदाला खिडकीशी जागा दिली.

"दवाखान्यात निघाले का?" फरहतनं विचारलं.

"निघालो तर हाओ. पोचतो का नाई ते हा डायवर सांगीन," कौसल्याबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरनं ते लवकरच सांगितलं. निंभोरखेडच्या फाट्यावर जीप थांबली. त्याचा धंदा पुढच्या बाजारगावी होता. फाट्यावरून दवाखान्यापर्यंत पायी जायचं.

ऊन चढलं होतं. माझ्या चपलेचा अंगठा थोड्याच अंतरावर तुटला. कौसल्याबाईंनी आपल्या पिशवीतली सुतळी काढून तो बांधून दिला आणि "पुन्यात चप्पल नाई मिळत काय चांगली?" असं विचारलं. इथवर आम्ही हसत होतो. पण मंदा मागे पडू लागली. एका बाभळीखाली ती मटकन खाली बसली, चेहरा पांढरा झाला होता. कौसल्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. फरहत आपल्या ओढणीनं वारा घालू लागली. मी रस्त्याकडे पाहत राहिले आणि रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. मला भीती वाटली. या बाईला आत्ताच काही झालं तर आम्ही नेमकं काय करणार होतो?

"मागच्या खेपेले असंच झालं," कौसल्याबाई म्हणाल्या. "मंग दोन महिने आलोच नाई. घरी बसून राह्यलो."

बऱ्याच वेळानं कापसाची बैलगाडी आली. गाडीवानानं विचारपूस न करता गाठोडी सरकवून मंदाला वर घेतलं. कापसावर आडवी पडून ती दवाखान्यात पोचली आणि आम्ही तिघी गाडीमागून चालत.

दवाखाना पाहून मी चकित झाले. मला मोडकी इमारत अपेक्षित होती. इथं धुतलेल्या फरश्या, फळीवर रचलेली औषधं, पांढऱ्या चादरींचे पलंग, आणि ते सगळे रिकामे. लातूरकडच्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी धावत येऊन मंदाला आत नेलं. रक्त कमी होतं, दाब वाढलेला होता. सलाईन लागलं. तासाभरानं मंदाच्या चेहऱ्यावर रंग आला तेव्हा कौसल्याबाईंनी पहिल्यांदा पदरानं डोळे पुसले.

"आणखी महिनाभर आल्या नसत्या तर माझ्या हातात फारसं काही राहिलं नसतं," डॉक्टरीणबाई आम्हाला बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाल्या. "गाडी होती तेव्हा दारापासून कडुनिंबापर्यंत रांग असायची. ती गाडी इथंच, फाटकासमोर थांबायची. आता मी दिवसभर वाट बघते. वर कळवलं. वरून उत्तर आलं की रुग्ण येत नसतील तर दवाखाना देऊन टाकणंच योग्य."

फरहतनं सगळं लिहून घेतलं. तिचा आवाज नेहमीसारखा होता, पण पेन कागदात रुतत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बातमी घेऊन अमरावतीला गेलो. फॅक्सनं पाठवली तर बाजूला पडेल, असं तिचं म्हणणं. वाटेत राजकमल चौकाजवळ तिनं मला गिला वडा खाऊ घातला. गिला म्हणजे ओला, कढीत बुडवलेला वडा. मी दोन प्लेट खाल्ल्या. तिनं एकीलाही हात लावला नाही.

संपादक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी बातमी पूर्ण वाचली आणि कागद टेबलावर ठेवून तो तळहातानं सपाट करत राहिले.

"फरहतबाई, बातमी खरी आहे. पण त्या संस्थेच्या जाहिराती आपल्याकडे असतात. दवाखान्याची बातमी मला आत्ता घेता येणार नाही."

"मंग कोनती घेता येते, सर?"

"बसची आणा. गाडी बंद पडल्याची बातमी मी उद्याच्या पहिल्या पानावर लावतो. त्याला कुणाची हरकत नाही."

मला वाटलं, आता ही भांडणार. फरहत कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली आणि लिहायला लागली. मी खांद्यावरून वाचत होते. पहिलं वाक्य असं होतं: 'निंभोरखेड दवाखाना ही गाडी पावसाळ्यापासून बंद आहे.' गाडीच्या पाटीवर शेवटच्या थांब्याचं नाव तसंच लिहिलेलं असे. मग निंभोरखेड दवाखाना येथे उतरणारे प्रवासी किती कमी झाले, निंभोरखेड दवाखाना येथे जाताना एका गरोदर प्रवासी महिलेला काय झालं, आणि निंभोरखेड दवाखाना येथे प्रवासी येत नाहीत म्हणून काय ठरतं आहे, असं सगळं ओळीनं आलं. एकही गोष्ट सुटली नव्हती.

संपादकांनी ते वाचलं. मिशी जरा हलली.

"ही बसचीच बातमी आहे ना?"

"थांब्याचं नाव तेच आहे, सर," फरहत शुद्ध मराठीत म्हणाली. "मी ते कसं बदलणार?"

शुक्रवारी सकाळी बातमी पहिल्या पानावर आली. ग्रामसभेला आम्ही पोचलो तेव्हा तो अंक चावडीत हातोहात फिरत होता. वरून आलेल्या अधिकाऱ्यांनी सुरुवात केली. दवाखान्याला प्रतिसाद नाही, संस्था आधुनिक सोयी आणील, गावानं सहकार्य करावं. त्यांचा सूर मऊ होता आणि वाईट हेतूचा वाटत नव्हता.

कौसल्याबाई सगळ्यांत मागून उठल्या. शेजारच्या गावच्या असल्यानं त्यांना बोलायचा हक्क नव्हता, पण ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

"साहेब, तुमी कायनं आले?"

"गाडीनं," साहेब म्हणाले.

"आमची गाडी तुमी बंद केली अन् आमाले म्हनता येत काहून नाई. माही सून रस्त्यात पडली. आमी काय उडत येऊ?"

कोणी हसलं नाही. साहेबांनी पाणी मागितलं. मग एकेक जण उठू लागला. कुणाचं प्लास्टर, कुणाच्या गोळ्या, कुणाच्या लेकराची लस. संमतीचा ठराव मांडलाच गेला नाही. गाडी सुरू करा, मग बोलू, असा ठराव झाला. फरहत कोपऱ्यात बसून लिहीत होती आणि तिनं एकदाही वर पाहिलं नाही. सभा संपल्यावर मात्र ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "नीलाबाई, भूक लागली मले. दोन दिसापासून काई खाल्लं नाई."

गाडी खरंच सुरू होते का ते बघायला मी परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि सुलभाला खोटंच कारण सांगितलं. पुढच्या आठवड्यात गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी आम्ही तिच्यात होतो. वाटेत कौसल्याबाई आणि मंदा चढल्या, आणि मग प्रत्येक थांब्यावर माणसं. खिडक्या खडखडत होत्या, मागचं बाक निखळलेलं होतं, पण मंदा खिडकीशी बसून शेंगा खात होती. फाट्यावर गाडी वळली तेव्हा वाहकानं पुकारलं, "चला, दवाखाना," आणि आम्ही सगळे अगदी दारात उतरलो.

पुण्याला परतताना मी डब्यात बसून विचार करत होते. दवाखाना बंद पाडायला त्याला हातही लावावा लागत नाही, हे मी या प्रवासात शिकले. कुठेतरी दूर एक गाडी थांबवली की बाकीचं आपोआप होतं. आणि त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडून दाखवायला तिथं राहणारं, रोज त्या रस्त्यानं जाणारं कुणीतरी लागतं. मी महिनाभर फिरले असते तरी मला रिकामा दवाखाना तेवढा दिसला असता.

उन्हाळ्यात फरहतचा फोन आला. मंदाला मुलगी झाली होती, त्याच दवाखान्यात, दोघी ठणठणीत. मी आनंदानं विचारलं, "आणि दवाखाना? संस्थेला द्यायचं राहिलं ना?"

तिला हसू आलं आणि बराच वेळ आवरेना.

"नवीन कागद आला," ती म्हणाली. "आता म्हनतात, गर्दी भल्ली वाढली, सरकारले झेपत नाई. म्हनून देऊन टाका."

मीही हसले. मग फरहत म्हणाली, "चला, ठेवतो. गाडीची वेळ झाली. डॉक्टरीणबाईले विचारून येतो, खरंच झेपत नाई का ते."