तेरा भागांची मालिका आणि आत्याची सही

मालिका मध्येच बंद पडली, तर तिच्यातल्या बाईने पुढे काय केलं हे कोणी ठरवायचं?

नव्वदच्या दशकात टीव्हीवर एक मराठी मालिका लागायची. तेराच भाग चालली. तिच्यातली बाई वडिलांच्या शेतात भावांइतकाच हिस्सा मागते. तेराव्या भागात भाऊ तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतात, ती पेन उचलते, आणि संपलं. पुढच्या मंगळवारी त्या वेळेला गाणी लागली.

माझी आत्या आमच्या आर्वीतच, घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. मालिका बघायला दर मंगळवारी आमच्याकडे यायची. त्या दिवशी ती गाण्यांसमोर तशीच बसून राहिली. तसलाच कागद तिच्यासाठीही तयार होता. आजोबांच्या नाचणगावच्या शेतातला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा. भाऊ म्हणजे माझे बाबा. समतेची पत्रकं लिहिणारे, आणि ती बसस्टँडवर मला वाटायला लावणारे.

"लोकायनंच पाह्यणं सोडलं असन," बाबा म्हणाले. "भावासंग भांडणारी बहीण कोणाले आवडते, बाई?"

"मले आवडत होती."

"उद्या सही करून टाकजो. दरवर्षी साडी देतोच ना तुले?"

"साडीत कापूस पिकते का रे?"

मी दहावीत होते. बाबांच्याच गठ्ठ्यातलं एक पत्रक ओढलं आणि मोठ्यानं वाचलं : 'मुलगी पाहुणी नाही, वारस आहे.' चहा गाळणारी आई थांबली.

"ते लोकायसाठी हाय!" बाबा ओरडले.

"मंग मी कोण हावो?" आत्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात तिनं तो कागद सावकाश, पूर्ण वाचला. घडी करून पिशवीत टाकला आणि सही न करता घरी आली. दोन वर्षं बाबा तिच्याशी बोलले नाहीत. भाऊबीजेला ती यायची, तेव्हा मुद्दाम शेतावर जायचे. शेवटी वारसनोंद होऊन हिस्सा तिच्या नावावर चढला. ती तिथं तूर लावते.

नातेवाईक अजून म्हणतात, आत्यानं माहेर तोडलं. खोटं आहे. तोडलं ते बाबांनी. त्यांचा राग मला आजही येतो. त्यांनी लिहिलेल्या वाक्यांचा मात्र येत नाही. ती खरीच होती.

तुमच्या घरात असा कागद तयार असेल, तर बहिणीला कार्यालयात बोलावण्याआधी तो तिच्या हातात द्या. तिला एकटीला वाचू द्या. ती नाही म्हणाली, तर फाडून टाका.