ओल्या गवताची कटती

मुरबाडच्या रस्त्याला माझी गवताची वखार होती. दिवाळीनंतर लोक डोंगरातलं गवत कापून गाडीने आणायचे. मी ते तोलून घ्यायचो, दाबून तारेने गाठी बांधायचो आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचो. दुसऱ्याच्या वखारीत गाठी उचलून मी हा धंदा शिकलो, फुकट मला कुणी काही दिलं नाही. गवत ओलं निघालं की वजनातून काही किलो वजा करायचे, त्याला आम्ही कटती म्हणतो. कटतीवरून मी सख्ख्या मेहुण्याशीही भांडलो आहे.

माझ्या मुलीला थॅलेसेमिया होता. थोडा दोष माझ्या रक्तात, थोडा बायकोच्या. आम्ही दोघं ठणठणीत, आणि पोरीच्या अंगात रक्त टिकायचं नाही. दर तीन आठवड्यांनी तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागे. त्याचे पैसे पडत नसत, पण बदल्यात रक्त देणारा माणूस आणा, म्हणायचे. नातेवाईक एकेकदा आले. मग कुणाची लावणी निघाली, कुणाची मळणी. रक्त दिलं की कंबर जाते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तेव्हा मी वखारीत सांगून टाकलं, जो माझ्याबरोबर रक्त द्यायला येईल त्याच्या गवताला वर्षभर कटती नाही.

पहिला तयार झाला तो सिद्धगडाच्या पायथ्याचा एक शेतकरी. त्याला सगळे मामा म्हणत.

"किती काढतात, शेट?"

"एक पिशवी."

"आनि माझी गाडी भिजलेली असली तरी कटती नाय?"

"नाय."

"मग दोन काढा म्हनावं."

त्याच्यामागून बाकीचे आले. माणसांची पाळी लागली, आणि बरीच वर्षं ती तुटली नाही. मुलगी खाटेवर पडून पिशवीकडे बघत म्हणायची, "आज कोनाची पाळी, बाबा? मामाची असंल तर मला विडी लागंल आता."

ती दहा वर्षांची झाली तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साचतं, म्हणाल्या. आधी यकृतात, मग हृदयात. ते काढायच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, जन्मभर. आणि त्या सरकारी पुरवठ्यात नाहीत.

"म्हणजे गवत भरून देता आणि बांधायला तार देत नाही," मी म्हणालो.

"पटतं मला. पण माझ्या हातात नाही."

काही महिने गोळ्या मी विकत आणल्या. वखारीच्या कमाईत ते बसेना. मग अर्धीच गोळी देऊ लागलो, मग दिवसाआड. मधल्या काळात सरकारी कचेऱ्यांत जात होतो. एका साहेबाला म्हणालो, "अर्ध्या तुम्ही द्या, अर्ध्या मी आणतो."

"तरतूद नाही. आणि हा काय म्हसा गावच्या जत्रेतला बैल आहे, भाव करायला?"

"जत्रेत बैलाचा मालक समोर उभा असतो, साहेब. इथला मालक कोण ते सांगा, मी त्याच्याशी बोलतो."

त्याने शिपायाला हाक मारली. मी टेबल उलटवलं नाही, एवढंच.

प्रत्येक जण त्याच्या वरच्याचं नाव सांगायचा. एकाने तर विचारलं, "अशी मुलं तुमच्या तालुक्यात आहेत तरी किती?" तेव्हा मला उमगलं. मी व्यापारी आहे. माल थोडा, गिऱ्हाईक लांब, तिथे गाडी कोण पाठवतो? मीही पाठवली नसती. पण मी गवत विकत होतो.

पुढे तिला चढ चढताना दम लागू लागला. डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो माझ्यासमोर धरला, आणि या वेळी गोळ्यांचं नावही काढलं नाही. सोळाव्या वर्षी, भात पोटरीला आलं असताना ती गेली. आता त्या गोळ्या कुठे कुठे फुकट मिळतात म्हणे. हे मला आनंदाने सांगायला एक जण आला होता. त्याला मी चहा पुरा पिऊ दिला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मामाची गाडी पहिली आली. तो डोंगरात राहणारा, त्याच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं.

"यंदा कवा जायचं रक्त द्यायला?"

"जायचं नाय आता."

तो गाडीच्या दांडीला टेकून उभा राहिला. खिशातली विडी काढली आणि परत ठेवली. मी गवतात कोपरापर्यंत हात घातला. आतून ओलं होतं, दरवर्षी असायचं तसंच.

"वल हाय," तो खाली बघत म्हणाला. "काप कटती."

मी कापली.